डेअरीचा हिशोब गेला तो लाइटीमुळं नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एकांनी लिहिलं होतं की पावसाळ्यात सारखी लाइट जाते, त्यामुळं गावोगावच्या दूध डेअऱ्यांची कॉम्प्युटरं बिघडतात आणि शेतकऱ्यांचा हिशोब जातो, म्हणून सगळ्या डेअऱ्यांना इन्व्हर्टर द्यावेत. इन्व्हर्टर द्या, चांगलंच आहे, कोण नको म्हणेल. पण हिशोब लाइटीमुळंच जातो असं जे सगळेजण धरून चाललेत ते मी जे बघितलं त्यात तरी साफ चुकीचं निघालं, आणि हे ऐकीव सांगत नाही, दोन महिने घरात टेबलावर मशीन मांडून तपासून सांगतोय. पत्र लांबलंय, पण मधला भाग कापू नका एवढी विनंती, कारण करायचं काय ते तिथंच आहे.

मी खानापूर तालुक्यातला. शिक्षण बेळगावात झालं, पुढं काही वर्षं उद्यमबागेत मशीनच्या कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग केलं, आता गावात राहून पतसंस्था, डेअरी, खताचं दुकान असल्यांची कॉम्प्युटरची कामं बघतो. आमच्या गावची डेअरी लहान, दोनशेच्या आसपास लोक दूध घालतात, सकाळी आणि संध्याकाळी. काट्यावर वजन होतं, बाजूच्या मशीनवर फॅट लागते, दोन्ही मशीनं वायरनं एका छोट्या लिनक्सच्या पेटीला (म्हणजे लहान कॉम्प्युटरलाच) जोडलेली, ती पेटी दर काढते, चिठ्ठी छापते आणि नोंद आपल्या पोटात ठेवते. पेटी आणि त्यातला प्रोग्राम बाहेरगावच्या एका कंपनीचा, नाव घेत नाही, कारण असं काम करणाऱ्या त्या एकट्याच नाहीत.

झालं काय, बिल वाटायच्या आदल्या दिवशी सकाळी दूध घेता घेता पेटी अडली आणि स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली, डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड. आमच्या सेक्रेटरी मामांना मराठी येतं, कन्नड येतं, दोन्हीत हिशोब लिहितात, पण ही ओळ काय म्हणते ते त्यांना कळेना, त्यांनी पेटी बंद करून चालू केली, तीच ओळ. मला फोन आला तोवर बाहेर कॅन घेऊन तीस-चाळीस माणसं उभी. मी गेलो, पेटीतली फाइल काढून घेतली, नोंद ज्या डेटाबेसात राहते त्या एसक्यूलाइटच्या स्वतःच्या टूलमधे रिकव्हर म्हणून कमांड आहे ती चालवली, बरीचशी नोंद परत आली पण शेवटच्या तीन दिवसांची बरीच नावं गायब. बॅकअप म्हणून रोज पेन ड्राइव्हवर कॉपी होत होती, ती उघडली तर तिच्यात शेवटचा दीड दिवस नव्हताच. त्याचं कारण पुढं सांगतो, ते वेगळंच प्रकरण आहे.

मग देवळाच्या हॉलमधे सतरंजी टाकून बसलो आणि गावात सांगितलं ज्याच्या त्याच्या चिठ्ठ्या आणा. या चिठ्ठ्या थर्मल कागदाच्या, उष्णता लागली की आख्खा कागदच काळा पडतो. बऱ्याच बायकांनी चिठ्ठ्या चुलीच्या वरच्या फळीवर खोचून ठेवलेल्या, त्या काळ्या पडल्या होत्या, एक आकडा वाचता येईना. एका आजींची एकच म्हैस, त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या नातवाच्या वहीत घालून ठेवलेल्या, त्या तेवढ्या शाबूत. त्या मला म्हणाल्या, "बाळ, माझं दूध मी घातलेलं खरं, मग तुमच्या पेटीतनं कुठं गेलं रे?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांच्या चिठ्ठ्या गेल्या त्यांना आधीच्या दहा दिवसांची सरासरी धरून पैसे दिले, कुणाला दहा रुपये कमी गेले असतील कुणाला जास्त, पण भांडण झालंच, दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं, लाइट गेली असेल, यूपीएस घ्या. आमच्याकडं लाइट जाते हे खरं आहे, जांबोटी-कणकुंबी बाजूचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, एकदा वारं सुटलं की तारा तुटून दोन-दोन दिवस अंधार. म्हणून संस्थेनं यूपीएस घेतला. तीन आठवड्यांनी परत तेच. तेव्हा लाइट गेलीच नव्हती, यूपीएसचा दिवा हिरवा होता, मामा स्वतः समोर बसलेले.

आता थोडं आत शिरतो. अशा पेट्यांमधे मोठा डेटाबेस सर्व्हर नसतो. प्रोग्रामच्या आतच एक लायब्ररी (दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार भाग) बसवलेली असते आणि सगळी नोंद एका फाइलीत राहते. बहुतेक ठिकाणी ती लायब्ररी म्हणजे एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन माणसानं 2000 साली ती लिहायला घेतली, अमेरिकन आरमाराच्या एका युद्धनौकेच्या सॉफ्टवेअरचं काम चालू असताना, डेटाबेस सर्व्हर बंद पडला की सगळं अडायचं म्हणून सर्व्हरच नको या विचारानं. तिच्यावर कुणाचाच मालकी हक्क ठेवलेला नाही, सगळा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, उघडा. प्रत्येक ॲन्ड्रॉइड फोनमधे आणि आयफोनमधे ती आहे. आणि मुख्य म्हणजे लाइट मधेच गेली तरी अर्धवट नोंद राहू नये म्हणून तिच्यात जर्नलची सोय आहे, बदल करायच्या आधी जुनं पान (फाइलीचा ठरावीक मापाचा तुकडा) बाजूला लिहून ठेवते, परत चालू झाल्यावर अर्धवट काम दिसलं तर जुनं पान जागेवर ठेवते. डिस्क खोटं बोलत असेल, म्हणजे लिहिलं नसताना लिहिलं म्हणून सांगत असेल (स्वस्तातली मेमरी कार्डं असं करतात) तर गोष्ट वेगळी. पण आमच्या पेटीतलं कार्ड मी बदलून बघितलं होतं. म्हणजे लाइटीवर ढकलून मोकळं होता येणार नव्हतं.

मी पेटी घरी आणली, काट्याच्या जागी माझा लॅपटॉप जोडला आणि काटा जशी अक्षरं वायरीतनं पाठवतो तशीच पाठवणारी एक स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्रामचा सोर्स माझ्याकडं नव्हता, कंपनी देणार पण नव्हती. पण लायब्ररी वेगळ्या फाइलीत होती, प्रोग्राम चालू होताना ती उचलतो. म्हणजे लायब्ररीला विचारता येतं. हे फार थोड्यांना माहीत आहे म्हणून सविस्तर लिहितो, एसक्यूलाइटला प्रॅग्मा कंपाइल अंडरस्कोअर ऑप्शन्स असं विचारलं की आपण कुठल्या कुठल्या ऑप्शननं बिल्ड झालोय, म्हणजे सोर्सपासून चालणारी फाइल कशी तयार झालीय, त्याची यादी ती स्वतःच देते. पासवर्ड लागत नाही, कंपनीची परवानगी लागत नाही. मी विचारलं आणि यादीत ओळ होती, थ्रेडसेफ बरोबर 0.

ज्यांना कळतं त्यांना इथंच धस्स होईल. प्रोग्रामात एका वेळी दोन-तीन कामं चालू असतात, अशा प्रत्येक कामाला धागा म्हणजे थ्रेड म्हणतात, एक धागा काट्याकडं कान लावून बसलेला, दुसरा स्क्रीन सांभाळतो. दोघांनी एकाच वेळी डेटाबेसला हात घातला तर लायब्ररी आतल्या कुलपानं एकाला थांबवते. न सांगता बिल्ड केली तर ही कुलपं असतातच, थ्रेडसेफ 1 हे तिचं डिफॉल्ट आहे. 0 दिलं की कुलपं बिल्डमधनं पूर्ण काढून टाकली जातात. का काढतात? वेगासाठी. किती वेग मिळतो? एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कागदपत्रात लिहिलंय, साधारण 2 टक्के. आणि तिथंच पुढं लिहिलंय की मग एकापेक्षा जास्त धाग्यांनी वापरणं सुरक्षित नाही. दूध घालणाऱ्या बाईला चिठ्ठी हातात मिळायला काही सेकंद लागतात, त्यात 2 टक्के वाचवून कुणाचं काय भलं होणार होतं?

पण हा झाला संशय. ओळ दिसली म्हणून तीच कारण असं म्हणता येत नाही, कंपनीनं तर लगेच म्हटलं असतं की इतर दहा ठिकाणी चालतंय. पुरावा पाहिजे होता. आणि पुरावा मिळाला तो डीबग बिल्डमुळं, म्हणजे चुका पकडायच्या तपासण्या चालू ठेवून केलेल्या बिल्डमुळं, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

एसक्यूलाइटच्या सोर्समधे हजारो ठिकाणी अ‍ॅसर्ट लिहिलेले आहेत. अ‍ॅसर्ट म्हणजे लिहिणाऱ्यानं स्वतःशीच घातलेली अट, इथं आल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर पुढं एक पाऊल टाकायचं नाही, जागेवर थांबायचं आणि कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर कुठली अट मोडली ते सांगायचं. नेहमीच्या बिल्डमधे हे सगळे अ‍ॅसर्ट बंद असतात, कारण चालू केले की लायब्ररी साधारण तिप्पट हळू होते. एसक्यूलाइट डीबग हा ऑप्शन दिला की चालू होतात. दुसरा ऑप्शन मेमडीबग, तो मेमरी देणारा भाग बदलतो, दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांना खुणेचे दगड ठेवतो, कुणी कडेबाहेर लिहिलं, परत केलेला तुकडा पुन्हा वापरला किंवा न घेतलेलाच तुकडा परत करायला आला तर ते उघडं पडतं. शेताच्या बांधावर दगड रोवतात तसंच, दगड हलला की नांगर कुणाचा आत शिरला ते कळतं. एक लक्षात ठेवा, मेमडीबगचे बरेचसे तपास पण अ‍ॅसर्टवरच चालतात, त्यामुळं तो एकटा लावून उपयोग नाही, दोन्ही जोडीनं लावायचे. मी पहिल्यांदा एकटाच लावला आणि एक आख्खा दिवस काहीच सापडत नाही म्हणून बसलो. तिसरा ऑप्शन एपीआय आर्मर, प्रोग्रामनं लायब्ररीला चुकीच्या पद्धतीनं हाक मारली, म्हणजे रिकामा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दिला किंवा डेटाबेसशी बंद केलेलं कनेक्शन परत वापरलं तर गप्प कोसळण्याऐवजी बहुतेक वेळा मिसयूज म्हणून एरर परत देतो, तिचा नंबर 21. जोडीला कंपायलरला (बिल्ड करणाऱ्या टूलला) हायफन जी द्यायचं, म्हणजे कोसळल्यावर डीबगरमधे, म्हणजे प्रोग्राम थांबवून आत बघायच्या टूलमधे, फंक्शनांची नावं दिसतात, आणि ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठी कोडची उलटापालट, बंद ठेवायचं. एसक्यूलाइटचा सगळा सोर्स एकाच मोठ्या सी फाइलीत मिळतो त्यामुळं बिल्ड करायला साध्या लॅपटॉपवर पण फार वेळ लागत नाही. प्रोग्रामचा सोर्स असता तर त्यालाही ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावला असता, इथं ते शक्य नव्हतं.

आणि एक गोष्ट मुद्दाम केली. डीबग बिल्ड करताना थ्रेडसेफ 0 तसंच ठेवलं. 1 केलं असतं तर रोगच लपला असता आणि मी म्हटलं असतं की माझ्या लायब्ररीत तर काही बिघडत नाही. ज्या स्थितीत बिघडलं तीच स्थिती ठेवून फक्त डोळे उघडे करायचे, डीबग बिल्ड करणाऱ्यांनी एवढं एक तरी पाळावं.

लायब्ररी बदलली, पेटी चालू केली, स्क्रिप्ट सोडली. दोन दिवस दोन रात्री काही नाही. हजारो नोंदी गेल्या, एक अ‍ॅसर्ट मोडला नाही. माझा धीर सुटत आला होता. मग मामांकडं गेलो आणि विचारलं की त्या दोन्ही सकाळी तुम्ही नेमकं काय करत होता, एकेक सांगा. ते म्हणाले, "काय करूलोय रे, काय पण नाही, रोजच्यासारखं दूध घेऊलो होतो, मधे मधे बिल काढून बघत होतो, उद्या वाटायचं होतं की." बस. दोन्ही वेळा बिलाचा आदला दिवस होता, आणि दूध चालू असताना बिलाची स्क्रीन उघडलेली होती. माझी स्क्रिप्ट नुसतंच दूध घालत होती.

घरी येऊन स्क्रिप्ट चालू ठेवली आणि हातानं बिलाची स्क्रीन उघडली, बंद केली, उघडली, बंद केली. दहा मिनिटांच्या आत प्रोग्राम थांबला आणि काळ्या खिडकीत ओळ आली, अ‍ॅसर्शन फेल्ड, फाइलीचं नाव, ओळीचा नंबर, मोडलेली अट. लायब्ररी फाइलीतली पानं मेमरीत धरून ठेवते तो भाग होता, पान किती जणांनी हातात धरलंय त्याची गणती जुळत नव्हती. डीबगरमधे सगळ्या धाग्यांचा बॅकट्रेस घेतला, म्हणजे कुठला धागा कुठल्या फंक्शनात आहे ते बघितलं, तर दोन धागे एकाच वेळी लायब्ररीच्या पोटात, एक काट्याची नोंद लिहितोय, दुसरा बिलासाठी वाचतोय, दोघांकडं एकच कनेक्शन. मी तो स्क्रीन मोबाइलवर फोटो काढून ठेवला. त्या रात्री झोप लागली.

पुढं दोन गोष्टी करून बघितल्या, त्याशिवाय खात्री होत नाही. थ्रेडसेफ 1 करून तेच सगळे डीबग ऑप्शन ठेवून नऊ दिवस चालवलं, बिल स्क्रीन उघडबंद करायची पण स्क्रिप्ट लिहिली, एकदाही थांबलं नाही. आणि कंपनीची मूळ लायब्ररी परत घालून तीच परीक्षा घेतली. ती थांबली नाही! चिठ्ठ्या छापत राहिली, बिलं दाखवत राहिली, वरनं बघणाऱ्याला वाटावं सगळं झकास. तिसऱ्या दिवशी इंटेग्रिटी चेक (फाइल आतनं शाबूत आहे का ते बघणारी कमांड) चालवला तर दहा-बारा ओळी आल्या, अमुक नोंद इंडेक्समधे (सूचीत) नाही, अमुक पानाकडं दोन ठिकाणांहून बोट. म्हणजे फाइल तीन दिवसांत कधीतरी बिघडलेली होती आणि कधी ते सांगणारं कुणी नव्हतं.

डेअरीवाल्यांना हे मी असं समजावलं आणि त्यांना लगेच पटलं. पाणी घातलेलं दूध मोठ्या कॅनमधे ओतलं गेलं की संध्याकाळी कॅनची फॅट कमी लागते खरी, पण कुणाच्या भांड्यातलं ते आता देवालाच माहीत. म्हणून आपण ओतायच्या आधी प्रत्येक भांडं तपासतो. नेहमीची बिल्ड म्हणजे नुसता कॅन तपासणं, डीबग बिल्ड म्हणजे भांडं तपासणं. भांडं तपासायला वेळ जास्त लागतो, म्हणून काही डेअरीनं ते सोडलंय का?

आर्मरनं पण एक काम केलं, ते थोडक्यात सांगतो. बिलाची स्क्रीन बंद करताना कधीकधी 21 नंबरची एरर यायला लागली, म्हणजे प्रोग्राम बंद झालेल्या कनेक्शनला परत हाक मारत होता. त्यानं हिशोब गेला असं नाही, पण चूक ती चूकच, आणि आर्मर नसताना ती कधी दिसलीच नव्हती.

आता बॅकअपचं. हे डीबग ऑप्शननं सापडलं नाही, कागदपत्र वाचून सापडलं. पेटीतला डेटाबेस वॉल पद्धतीनं चालतो, म्हणजे नवी नोंद आधी मुख्य फाइलीच्या शेजारच्या वॉल फाइलीत जाते आणि तिथं साधारण 1000 पानं जमली की मुख्य फाइलीत उतरते. एक पान 4096 बाइटचं. लहान डेअरीत एवढी पानं भरायला वेळ लागतो, तोवर ताजी नोंद शेजारच्या फाइलीतच बसलेली. आणि रोजची कॉपी होत होती ती फक्त मुख्य फाइलीची! वहीची कॉपी काढायची आणि शेवटची पानं जी सुटी ठेवलीत ती टेबलावरच सोडायची, तसं. चालू डेटाबेसची फाइल अशी नुसती उचलायचीच नसते, त्यासाठी लायब्ररीतच बॅकअपची सोय आहे, 2019 पासून व्हॅक्यूम इन्टू ही कमांड पण आहे, एका ओळीचं काम.

हे सगळं लिहून, फोटो जोडून कंपनीला पाठवलं. पहिले काही दिवस उत्तर नाही, मग त्यांच्या एका तरुण इंजिनिअरचा फोन आला, चांगला मुलगा होता, म्हणाला सर पहिली पेटी फार हळू होती तेव्हा कुणीतरी तो ऑप्शन टाकला होता, पुढं काटा वाचायला वेगळा धागा केला तेव्हा बिल्डची ओळ कुणी बघितलीच नाही. त्यानं दुरुस्त लायब्ररी आठवड्याभरात दिली. मी त्याला विचारलं, तुमच्याकडं डीबग बिल्ड आहे का? नव्हती. कधी केलीच नव्हती. माझा राग त्या मुलावर नाही. पण गावांच्या पैशाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर एकदाही डीबग बिल्डवर न चालवता बाहेर पाठवायचं आणि बिघडलं की लाइटीकडं बोट दाखवायचं, हे मला सहन होत नाही. ज्या आजीनं चिठ्ठ्या वहीत घालून ठेवल्या तिनं आपल्या बाजूनं जेवढी काळजी घेतली तेवढी तरी आपण इंजिनिअर लोकांनी घेतली पाहिजे की नको?

काही जण विचारतील मग डीबग बिल्डच पेटीत का घालून ठेवत नाही. नको. अट मोडली की ती जागेवर थांबते, सकाळी साडेसहाला कॅन घेऊन माणसं उभी असताना ते परवडत नाही. ती टेबलावर चालवायची, पाठवायच्या आधी, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा. गावात जी पेटी जाते तिच्यात आर्मर राहू दे, त्याचा भार नगण्य आहे, आणि एरर लॉग चालू पाहिजे. एसक्यूलाइटमधे लॉगसाठी एक फंक्शन लावून ठेवता येतं, लायब्ररी सुरू व्हायच्या आधी लावायचं, काही खटकलं की ती त्या फंक्शनला हाक मारून सांगते. फक्त त्या फंक्शनात परत डेटाबेसला हात लावायचा नाही, साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायचं. आमच्या पेटीत हे असतं तर पहिल्या बिघाडाच्या वेळीच काहीतरी सुगावा लागला असता. रात्री दूध संपल्यावर इंटेग्रिटी चेक आपोआप चालवायचा, आमच्या फाइलीला काही सेकंद लागतात, आणि बिघाड दिसला तर स्क्रीनवर मराठीत आणि कन्नडात लिहून यायला पाहिजे की उद्या दूध घेण्याआधी अमक्याला फोन करा. आमच्या डेअरीत दोन्ही भाषेची माणसं दूध घालतात आणि इंग्रजी ओळ दोघांनाही सारखीच परकी.

संस्थांच्या पंचमंडळींना माझं सांगणं आहे, सॉफ्टवेअर घेताना किंमत आणि प्रिंटरच्या जोडीला तीन प्रश्न विचारा. तुमची लायब्ररी कुठल्या ऑप्शननं बिल्ड झालीय त्याची यादी छापून द्या. डीबग बिल्डवर दूध आणि बिल एकाच वेळी चालवून बघितलंय का, आमच्यासमोर दाखवा. आणि बॅकअपची कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून शेवटची चिठ्ठी तिच्यात आहे का तेही दाखवा. उत्तर समजलं नाही तरी चालेल, गावात कुणाचातरी मुलगा इंजिनिअरिंगला असतोच, त्याला शेजारी बसवा.

त्या मुलांबद्दल पण लिहायचं आहे. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय आपल्या बेळगावात, आसपास एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं. माझ्याकडं मे महिन्यात दोन पोरं येऊन बसली होती, एक निपाणीकडचा आणि एक नंदगडची. दोघं हुशार, तीन भाषांत कोड लिहितात, पण अ‍ॅसर्ट मोडून प्रोग्राम थांबलेला त्यांनी पहिल्यांदा माझ्या टेबलावर बघितला. निपाणीचा मुलगा घाबरून म्हणाला, सर क्रॅश झालं! मी म्हटलं, झालं ते बरं झालं, आता वाच काय लिहिलंय. वाचता वाचता त्यांना इतकी गोडी लागली की नंदगडच्या मुलीनं बाइटकोडला (लायब्ररी क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची, जी पावलं आत तयार करते त्यांना) शेरे दाखवणारा एक्सप्लेन कॉमेंट्सचा ऑप्शन स्वतः शोधून लावला आणि बिलाची क्वेरी आतनं कशी पावलं टाकते ते मलाच समजावून दिलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला पन्नासावं अटेंडन्स ॲप करण्यापेक्षा आपल्या तालुक्यातली एकेक डेअरीची पेटी घेऊन अशी तपासणी केली तर प्राध्यापक मंडळी नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. खर्च काही नाही, लायब्ररी फुकट, लॅपटॉप पोरांकडं आहेतच, एक सीरियल केबल लागते.

आमच्या पेटीत दुरुस्त लायब्ररी घालून आता चौथं बिल झालं. मामा अजून बिलाच्या आदल्या दिवशी दूध घेताना बिल उघडायला कचरतात, मी त्यांना म्हटलं उघडा की, त्यासाठीच तर केलंय. शेजारच्या दोन गावांच्या डेअरीवाल्यांनी पेट्या आणून द्यायचं कबूल केलंय, त्यांच्यातल्या एका पेटीला मी कंपाइल ऑप्शन्स विचारून आलोय, तिथं पण थ्रेडसेफ 0 आहे. येत्या रविवारी ती टेबलावर घेणार.

माझं नाव पत्ता तुमच्या ऑफिसात दिलेला आहे, छापू नये. कुठल्या संस्थेला तपासणी करून पाहिजे असेल तर तुमच्यामार्फत कळवावं, पैसे घेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

एक वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव